मामा, तो गोल होता

मामा, तुमच्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोललो. त्यातली जेमतेम दोन मिनिटं खरी होती. कॉलनीच्या क्लबात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर तुमचा फोटो, आणि माइक असा की मी 'मामा' म्हटलं की तो शिट्टी मारायचा. मी म्हणालो, मामा वेळेचे पक्के होते, मामा शिस्तीचे होते, मामांनी मैदानावर कधी कुणाला झुकतं माप दिलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मामी पदराने डोळे पुसत होत्या. मागच्या रांगेत कंत्राटी कामगारांमध्ये किरण बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. मी पाणी प्यायलो आणि उरलेलं भाषण घाईघाईने आटपलं.

जे बोलायला हवं होतं ते तिथे बोललो नाही. घरी आल्यावर बायकोला सांगायला गेलो, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, मला काय सांगता, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. आता तुम्हाला कुठे गाठणार? म्हणून लिहितोय.

एकलहऱ्याची अख्खी कॉलनी तुम्हाला मामा म्हणायची, त्याला कारण मी. दुसरी-तिसरीत असताना सुट्टीत तुमच्याकडे राहायला यायचो आणि तुम्ही मैदानावर खेळत असलात की कडेला उभा राहून 'मामा, मामा' असा गळा काढायचो. ते आधी तुमच्या टीमने उचललं, मग कँटीनने, मग तुमच्या साहेबांनी. वीजकेंद्रातून तुम्ही रिटायर झालात तेव्हा निरोपाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'मामा' आणि खाली कंसात तुमचं खरं नाव होतं. फुटबॉलला माझं योगदान म्हणाल तर एवढंच. शाळेत मला गोलकीपर करायचे, पण ते माझ्या आकारमानामुळे. अर्धा गोल मी नुसता उभं राहून अडवायचो.

रिटायर झाल्यावर तुम्ही तो उपास धरलात. शनिवारच्या परदेशातल्या मॅचसाठी जागरण करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तीच मॅच रविवारी सकाळी नऊला पुन्हा दाखवतात ती तुम्ही बघायला लागलात. अट एकच, की निकाल कळता कामा नये. शनिवार संध्याकाळपासून बातम्या बंद, पेपर बंद, तुमचा फोन मामींच्या पर्समध्ये. रविवारी दूध आणायला जाताना मान खाली. समोरून कुणी आलं की हात वर करून सांगायचं, "उपास आहे." एकदा शेजाऱ्यांनी नुसतं 'काय मॅच झाली राव' एवढंच म्हटलं, तर तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. तुमचं म्हणणं, 'काय मॅच झाली' असं कुणी शून्य-शून्यला म्हणत नाही, म्हणजे अर्धा निकाल फुटलाच की.

मी नाशिकरोडहून स्कूटर काढून पावणेनऊला हजर असायचो. तुमची वेताची खुर्ची, माझा दिवाण, मामींचे पोहे. चौदा वर्षं.

तर मामा, त्या चौदातली शेवटची सहा-सात वर्षं मी उपास पाळलाच नाही. आमच्या विमा कचेरीत सगळ्यांनी फोनवर आपापली अकरा जणांची टीम बांधायचं खूळ काढलं होतं. आपल्या खेळाडूने गोल केला की आपल्याला गुण. रविवारी दात घासायच्या आधी मला सगळं ठाऊक असायचं, गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, पिवळं कार्ड कुणाला. आणि हे पोटात ठेवून मी तुमच्या शेजारी बसून 'आज काय होतंय कुणास ठाऊक' म्हणायचो. पहिल्या वर्षी माझा अभिनय फारच वाईट होता, चेंडू मधल्या रेषेवर असतानाच 'अरेरे' निघून जायचं. पुढे हात बसला.

फोन बंद ठेवता आला असता. पण मला कळल्याशिवाय राहवत नाही हो, दहावीच्या निकालाला मी कुणाचा नंबर कुठे आला हे सगळ्या गल्लीचं बघून आलो होतो. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्रेसष्टाव्या मिनिटाला गोल आहे हे माहीत असलं, की मी बासष्टाव्याला पोह्यांची बशी खाली ठेवायचो आणि टीव्हीकडे न बघता तुमच्याकडे बघायचो. तुम्ही खुर्चीचे हात धरून आधी अर्धे उठायचात, मान पुढे, तोंड उघडं, आणि मग सगळेच्या सगळे उठायचात. बनियनवरचा एकाहत्तर वर्षांचा माणूस असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरून विचारायला यायचे. तसा आनंद मला कधी झाला नाही. माझा आनंद म्हणजे फोनवर पाच गुण वाढले, एवढाच. म्हणून मी तुमच्यातला थोडा चोरून घ्यायचो.

आणि असा माणूस दर रविवारी तुमच्याशी हुज्जत घालायचा, की फुटबॉल आता पूर्वीपेक्षा चांगला झालाय! तुमचं म्हणणं, मजा गेली. पूर्वी क्लबातल्या एकाच टीव्हीवर साठ माणसं बसायची, ऐन वेळी चित्र जायचं, नुसता आवाज यायचा, आणि गोल कुणी मारला यावर दुसऱ्या दिवशी पेपर येईपर्यंत पाळीपाळीने भांडता यायचं. मी म्हणायचो, मामा, त्यात कसली मजा, चित्रच दिसत नव्हतं. आता बघा, वीस कॅमेरे, खेळाडू किती किलोमीटर पळाला तेसुद्धा दिसतं. तुम्ही म्हणायचात, तो किती पळाला ते मला त्याच्या घामावरून दिसतं. तुमचा खरा राग होता तो गोल झाल्यावर मशीनने तपासायच्या पद्धतीवर. "पोटातून ओरडा येतो, तो घशात धरून ठेवायचा? आधी परवानगी, मग आनंद?" मी म्हणायचो, न्याय नको का व्हायला? तुम्ही म्हणायचात, न्यायासाठी नाशकात कोर्ट आहे, त्याच्यापुढे चहाही चांगला मिळतो, तिकडे जा.

मी पक्का मशीनवाला होतो. पुरावा असेल तर पुरावा बघायचा, असं टेबलावर हात आपटून सांगायचो. हे वाक्य मला पुढे फार महाग पडणार होतं.

दिवाळी उलटून गेल्यावरचा रविवार. बशीत पोह्यांबरोबर उरलेली चकली होती. शून्य-शून्य चालू होतं आणि तुमच्या आवडत्या टीमने गोल मारला. तुम्ही उठलात, ओरडलात, हात वर. मी चकली मोडत होतो. मला ठाऊक होतं की मॅच शून्य-शून्यच सुटलीय, म्हणजे हा गोल मशीन काढून घेणार. आणि ज्ञानाच्या त्या नशेत मी नाटक करायचं विसरलो. तुम्ही हात वर ठेवूनच माझ्याकडे वळलात. दिवाणावर मी मांडी घालून बसलेला, तोंडात चकली.

"तू उठला नाहीस," तुम्ही म्हणालात.

"ऑफसाइड वाटला मला."

दोन मिनिटांनी टीव्हीवर त्या निळ्या-लाल रेघा आल्या आणि गोल रद्द झाला. ऑफसाइड. बूट नव्हे, गुडघा नव्हे, खेळाडूचा खांदा पुढे होता. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि हातातल्या उलथण्याने माझ्याकडे दाखवत म्हणाल्या, "ह्याला दिसला? ह्याला?"

मामींचं चूक नव्हतं. तीस वर्षं तुम्ही मला ऑफसाइड शिकवत होतात. जेवणाच्या टेबलावर वाट्या म्हणजे बचाव, चमचे म्हणजे हल्ला, लोणच्याची बरणी गोलकीपर. पास मारला त्या क्षणी चमचा शेवटच्या वाटीच्या पुढे असेल तर ऑफसाइड. पास मिळाला तेव्हा नव्हे, मारला तेव्हा. मी मान हलवायचो आणि पुढच्या मॅचला पुन्हा विचारायचो. आणि ह्या माणसाला, उघड्या डोळ्यांनी, चकली खात, खांदा दिसला होता म्हणे.

तुम्ही खुर्चीत बसलात. टीव्हीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता सापडलो. तुम्ही म्हणालात, "डोळा तयार झाला रे तुझा, पम्या." पन्नाशीच्या माणसाला पम्या म्हणणारे जगात तुम्हीच उरला होतात.

तिथेच सांगायला हवं होतं. मी दुसरी चकली घेतली.

मग ते पसरलं. दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, येवल्याहून आलेल्या विहिणीला, सगळ्यांना तुम्ही सांगत सुटलात, की भाच्याने मशीनच्या आधी ऑफसाइड पकडला. मी प्रत्येक वेळी 'काहीतरीच काय मामा' म्हणायचो, अगदी खरा विनय असावा तसा. तुम्हाला मनापासून वाटत होतं का? की मी उघडा पडू नये म्हणून तुम्ही वरून पांघरूण घालत होतात? मला तेव्हा ओळखता आलं नाही. खरं सांगायचं तर ओळखायचं नव्हतं. कौतुक छान वाटत होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि जिलेबी झाली की कॉलनीच्या मैदानावर मॅच असते, कॉलनीवाले विरुद्ध कंत्राटी कामगार. ती तुम्हीच सुरू केली होती. कंत्राटी पोरांना मैदानावर येऊ द्यायला काहींची नाराजी होती, तेव्हा तुम्ही म्हणे सांगितलं होतं की ती नसतील तर शिट्टी दुसऱ्याला द्या. तेव्हापासून शिट्टी तुमच्याकडेच होती. अलीकडे तुम्हाला पळवत नव्हतं, मधल्या वर्तुळातून तुम्ही फार लांब जात नव्हतात. ऑफसाइडसाठी कडेच्या झेंडेवाल्यांवर भिस्त. या वर्षी एक झेंडेवाला पाय मुरगळून घरी होता. आणि तुम्ही शंभर माणसांसमोर म्हणालात, माझा भाचा आहे ना.

मी नाही म्हणू शकलो असतो. माझंही गुडघ्याचं काहीतरी निघालं असतं. पण विहिणीपर्यंत कीर्ती गेलेली. मी झेंडा घेतला.

शेवटची काही मिनिटं, एक-एक. कंत्राटीवाले इतक्या वर्षांत एकदाही जिंकले नव्हते. मागून लांब पास आला आणि किरणने गोल मारला. किरण म्हणजे देवळ्याकडचा, कोळसा विभागात कंत्राटावर, एका पोरीचा बाप, वाऱ्यासारखा पळणारा. मी काय केलं सांगतो मामा. मी चेंडू कसा उडाला ते बघत राहिलो. छान उडाला होता. चेंडू खाली आला तेव्हा मी किरणकडे बघितलं, तर तो सगळ्यांच्या पुढे, एकटा. झेंडा वर गेला. चमचे-वाट्या घेऊन तीस वर्षं जे शिकवलंत, नेमकं तेच उलटं.

किरण माझ्याकडे पळत आला. शिव्या नाहीत, काही नाही. म्हणाला, "भाऊ, मी लय मागं होतो. पास सुटला तेव्हा मी दोन माणसांच्या मागं होतो." मी झेंडा तसाच धरून ठेवला, जणू तो खाली आला तर मीच पडेन. तुम्ही मधल्या वर्तुळातून सावकाश चालत आलात. माझ्या अगदी जवळ उभं राहून हळू आवाजात विचारलंत, "पम्या, नक्की ना?"

तेवढा एक प्रश्न. मी बघितलंच नाही, एवढं म्हणायचं होतं.

"नक्की," मी म्हणालो.

तुम्ही शिट्टी मारून हात वर केलात. गोल रद्द. कडेला कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, ते घेऊन त्यांची पोरं आली, मामा, एकदा बघा. तुम्ही फोनकडे पाठ केलीत आणि म्हणालात, इथे मशीन नाही, झेंडा वर गेला म्हणजे गेला. आणि मी, पुराव्यासाठी टेबलं बडवणारा, त्या फोनपासून वीस पावलं लांब जाऊन उभा राहिलो. मनात म्हणत होतो, नका बघू मामा, नका बघू. पेनल्टीवर कॉलनी जिंकली. निघताना त्यांच्यातला एक जण मोठ्याने बोलला, "मामा सगळ्यांचे, पण भाचा एकच." तुम्ही ऐकलंत. शिट्टीची दोरी गळ्यातून काढून खिशात ठेवलीत. आपण घराकडे चालू लागलो. दारात तुम्ही एवढंच म्हणालात, रविवारी ये.

मी आलो नाही. त्या रविवारी कचेरीचं काम काढलं, पुढच्या रविवारी बायकोच्या मावसबहिणीचा साखरपुडा, जो दोन महिन्यांपूर्वीच उरकला होता. तिसऱ्या रविवारी तुमचा फोन आला. उपासाच्या दिवशी तुम्ही मामींच्या पर्समधून फोन काढलात, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तुम्ही विचारलंत, येतोयस का, मॅच लावू की थांबू? मी म्हणालो, पोट बिघडलंय, लावा तुम्ही. तुम्ही म्हणालात, बरं, ताक पी. चौथ्या रविवारी तुम्ही फोन केला नाहीत, आणि मला हायसं वाटलं. त्यानंतरच्या बुधवारी आंघोळ करून तुम्ही खुर्चीत बसलात ते उठलाच नाहीत.

मला राग कसला आला होता माहितेय? तुमचा. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास का ठेवलात, याचा. रविवारी आलो असतो तर तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, डोळा तयार झालाय, आणि ते मला सोसवलं नसतं. म्हणून पोट बिघडलं. चुकलेला झेंडा एकदाच वर गेला होता. मी मात्र चार रविवार दडून बसलो.

शोकसभा संपल्यावर मी किरणला गाठलं. क्लबाबाहेर चहाची टपरी आहे तिथे तो उभा होता. म्हटलं, किरण, तो गोल होता. मला ऑफसाइड कळत नाही. मी बघितलंसुद्धा नव्हतं. इतक्या दिवसांनी एका दमात बोलून टाकलं आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभा राहिलो.

तो म्हणाला, "माहिती हाय. मामांनी सांगितलं ना."

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुटायच्या वेळी, तुम्ही गेटवर जाऊन उभे राहिला होतात. किरणला म्हणालात, तो व्हिडिओ दाखव. तीनदा बघितलात. फोन त्यानेच धरला होता. मग त्याच्या सगळ्या टीमला गोळा करून तुम्ही सांगितलंत, की गोल होता, तुम्ही जिंकला होतात, शिट्टी माझी होती, चूक माझी. ज्याने भाच्याचा टोमणा मारला होता तो पाया पडायला लागला, तर तुम्ही त्याला दंडाला धरून उभं केलंत.

"मग मी म्हटलं," किरण सांगत होता, "भाऊंना सांगू का, म्हणजे पुढच्या टायमाला ते नीट बघतील. तर मामा हसले. म्हणले, त्याला ऑफसाइड कधीच कळायचा नाय. त्या दिवशी टीव्हीवर पण नव्हता कळला, त्याला मॅच आधीच ठाऊक असते."

मी टपरीच्या पत्र्याला हात लावला.

"मग सांगायचं नाय का, म्हटलं. तर म्हणले, नको. सांगू नको त्याला. लाज वाटून रविवारी यायचा बंद होईल."

तुम्हाला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, ते आता विचारता येत नाही. तुमच्या पोटातून यायचा तो ओरडा खरा होता ना, मामा? शेजारी एक माणूस सगळं माहीत असून नाटक करत बसलाय हे ठाऊक असूनही? की तोही तुम्ही माझ्यासाठी काढत होतात? नाही, तो तसा काढता येत नाही, मला एवढं तरी कळतं. मी सात वर्षं प्रयत्न केलाय.

चहा आला. किरणने माझ्या हातात ग्लास दिला. त्याला वाटत होतं की मी तुमच्या आठवणीने असा झालोय. माझी समजूत घालावी म्हणून त्याने अगदी मायेने विचारलं, "पण शेवटपर्यंत यायचे ना भाऊ तुम्ही, रविवारचे?"

मी हो म्हणालो, मामा.

तो म्हणाला, बरं झालं. त्याने चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. मी स्कूटरला किक मारून निघून आलो. हे आज तुम्हाला सांगितलं. किरणला सांगायचं अजून राहिलंय.